योनालाही बोट लगेच मिळाली होती: देवाचा आवाज ओळखायचा कसा?

वास्कोच्या एका तरुणाने विचारलंय. वय एकोणतीस, वेर्ण्याला औषध कंपनीत पॅकिंगला सुपरवायझर, घरी आई, बायको आणि दीड वर्षाची मुलगी. क्रूझ बोटीवर नोकरीची ऑफर आलीय, एजंट दीड लाख मागतोय आणि तेही शनिवारच्या आत. प्रार्थनासभेत एका भावाने डोक्यावर हात ठेवून सांगितलं की मला पाणी दिसतंय, मोठी बोट दिसतेय, प्रभू तुला बाहेर काढतोय. घरी येऊन डोळे मिटून बायबल उघडलं तर उत्पत्तीचा १२वा अध्याय, आपला देश आणि नातलग सोडून जा. एवढं सगळं जुळूनही त्याला चार रात्री धड झोप नाही. बायकोला अर्धवट सांगितलंय, आईला काहीच नाही. म्हणतो, मावशी, हा देवाचाच आवाज आहे का, आणि असेल तर मग शांती का नाही, भीती का वाटते?

मावशी म्हणालास म्हणून अरेतुरे करते, राग मानू नकोस. मी पास्टर वगैरे नाही. नगरकडच्या ख्रिस्ती घरातली, १९९१ ला लग्न होऊन फोंड्याला आले, आयुष्यभर नर्सिंग केलं, आणि गेली वीसेक वर्षं लोक संध्याकाळचे आमच्या बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, येऊन बसतात, नोकरी घेऊ का, हे स्थळ बरं का, सेवेत जाऊ का, असले प्रश्न घेऊन. उत्तरं मी देत नाही, बहुतेक वेळा चहा देते आणि ऐकते. पण ऐकून ऐकून काही गोष्टी कळतात, त्या सांगते.

आधी तुझ्या बोटीचंच बघू. बायबलमध्ये एका माणसाला बोट अगदी लगेच मिळाली होती, योनाला. देव म्हणाला निनवेला जा, हा निघाला उलट्या दिशेला, याफो बंदरात उतरला तर तिथे तार्शीशला जाणारी बोट तयारच, खिशात भाड्याचे पैसेही होते, ते भरले आणि चढला. बघ, सगळं किती छान जुळलं. आपल्याकडे कुणी साक्ष दिली असती तर म्हणाला असता, प्रभूने दार उघडलं, हालेलुया. तू योना आहेस आणि तुझी बोट चुकीची आहे असं मी म्हणत नाहीये, मला काय माहीत. एवढंच की जुळून येणं हा पुरावा नाही. दार उघडं दिसलं की आत जायचं असेल तर मांजराला देवाची इच्छा आपल्यापेक्षा जास्त कळते म्हणायला हवं.

डोळे मिटून बायबल उघडायचं हे तर सोडूनच दे. उत्पत्ती १२ उघडलं म्हणून तू निघालास, रूथचं पुस्तक उघडलं असतं तर सून सासूला सोडून जायला तयार नाही ते वाचून घरी राहिला असतास. वचन खरंच असतं, पण ते कुणाला, कधी, कशासाठी सांगितलं ते बघावं लागतं. कुणाचीही बदली, बढती, व्हिसा असला की यिर्मया २९:११ चं स्टेटस ठेवतात, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत वगैरे. ते पत्र बाबेलमध्ये कैदेत असलेल्या लोकांना होतं आणि त्याच पत्रात लिहिलंय की सत्तर वर्षं इथेच राहायचंय, घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा. सत्तर वर्षांचं स्टेटस कुणी ठेवत नाही. आणि वचनाचा तुकडा तोडून हातात देणं सैतानालाही जमतं, येशूला मंदिराच्या टोकावर नेऊन त्याने ९१वं स्तोत्रच म्हणून दाखवलं होतं.

मग त्या भावाने सांगितलं त्याचं काय. इथे मी जरा सावकाश लिहिते कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे.

मेल वॉर्डला होते तेव्हा. एक पन्नाशीचा माणूस, लिव्हर गेलेलं, पोट पाण्याने फुगलेलं, बायको दिवसरात्र बाकावर. आमच्यातलेच, म्हणजे मराठी ख्रिस्ती, सोलापूरकडचे. नाईट ड्यूटीला मी तिच्यासोबत प्रार्थना करायची. एका रात्री प्रार्थना करताना माझ्या छातीत असं काही भरून आलं, अंगावर काटा, डोळ्यात पाणी, आणि मी तिचा हात धरून म्हणाले, बाई, प्रभूने मला सांगितलंय, तुमचे मिस्टर चालत घरी जातील. ती इतकी रडली, माझ्या हाताचे मुके घेतले. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. बॉडी बांधून दिल्यावर ती माझ्याकडे आली, भांडायला नाही, अगदी हळू आवाजात विचारलं, सिस्टर, देव खोटं बोलला का तुम्ही?

त्यावर मी काय बोलणार. ते देवाचं नव्हतं, ती माझी दया होती, मला ते मरायला नको होते आणि तिला चांगलं काहीतरी सांगायचं होतं, एवढंच. पण दया आतून उसळली की तिचा आवाज हुबेहूब देवासारखा वाटतो रे. तेव्हापासून मी 'देव म्हणतो' हे शब्द तोंडात घेत नाही. फार झालं तर म्हणते, मला असं वाटलं, तू तपासून बघ. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात साफच लिहिलंय, देवाच्या नावाने बोललेलं घडलं नाही तर ते देवाचं नव्हतं, त्या बोलणाऱ्याने उद्धटपणे ते सांगितलं. ते वाचलं की अजून मान खाली जाते.

म्हणून भविष्यवाणी सगळी खोटी असं नाही. रेव्हरंड टिळकांचीच गोष्ट घे, आपले कवी नारायण वामन टिळक. रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि म्हणाला दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा झाला, म्हणजे त्याचं बोलणं खरं ठरलं. पण टिळक काही त्या भाकितामुळे गेले नाहीत, डोंगरावरच्या प्रवचनापाशी त्यांचं मन अडकलं आणि मग त्यांनी वाचलं, विचार केला, स्वतःशी झगडले, आणि तेही नातीगोती सगळं पणाला लावून. पौलसुद्धा थेस्सलनीकाकरांना दोन्ही एकदमच सांगतो, संदेश तुच्छ मानू नका, आणि सगळ्याची पारख करा, चांगलं ते धरा. आपण पहिलं पाळतो, दुसऱ्याचा कंटाळा करतो.

त्या भावाला एक साधी गोष्ट विचारून बघ, याआधी असं काय काय सांगितलंस आणि त्यातलं काय झालं. दुसरं असं बघ की आमच्या सभांमधून जेवढे संदेश मी ऐकले ते सगळे परदेश, घर, गाडी, लग्न. कुणाला संदेश आला की भावाची जमीन परत दे, हे मी आजवर ऐकलं नाही. शमुवेलाला पहिल्यांदा जो आवाज आला त्यातलं म्हणणं काय होतं बघ, ज्याच्या हाताखाली तो लहानपणी मंदिरात होता त्या म्हाताऱ्या याजकाच्या, एलीच्या घराण्याचा न्याय होणार. आणि ते त्या पोराला एलीलाच सांगावं लागलं. सकाळपर्यंत तो तसाच पडून राहिला, सांगायला घाबरत होता.

त्या गोष्टीत मला आणखी एक आवडतं. पोराला हाक ऐकू आली तर तो तीनदा उठून म्हाताऱ्याकडे पळाला, म्हणजे देवाची हाक इतकी साधी होती की ती शेजारच्या खोलीतल्या माणसाची वाटली. गडगडाट नाही, काही नाही. आणि ओळखली कुणी, तर एलीने, ज्याला दिसत नव्हतं, ज्याची स्वतःची पोरं वाया गेलेली. आपल्याला ऐकू येतं पण ओळखणारा दुसरा लागतो कधी कधी, आणि तो काही संतमहात्माच हवा असं नाही.

ओळखणं हे सवयीचं काम आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा सकाळी सायकलचा भोंगा वाजला की पिशवी घेऊन धावायची पाव घ्यायला, बघते तर मासेवाला. दुसऱ्या दिवशी मासे हवे म्हणून ताट घेऊन धावले तर पोदेर, म्हणजे पाववाला. सासूबाई हसून बेजार. दोघांचा भोंगा मला एकच वाटायचा, पोंऽ पोंऽ. आता मी अर्धवट झोपेत सांगते की हा पोदेर, हा बांदोड्याकडून येणारा मासेवाला, आणि हा नवाच कुणीतरी. कुणी मला फरक शिकवला नाही, रोज ऐकून ऐकून कळला. येशू म्हणतो माझी मेंढरं माझी वाणी ऐकतात, ते असंच असावं. म्हणजे महिन्यातून एकदा अडचण आली की कान लावला तर भोंगा कुणाचा ते कळणार नाही, आणि आपण चुकीचं भांडं घेऊन धावणार. रोज शुभवर्तमान थोडं थोडं वाच, पाच-दहा ओळी, सावकाश, येशू कुणाशी कसा बोलतो ते बघ, कुणावर रागावतो, कुणाला थांबवतो. तो आवाज कानात बसला की परका आवाज खटकतो.

आता मुख्य गोष्ट. ही मला एका जेझुइट फादरनी शिकवली, बागाच्या रिट्रीट हाऊसला आठ दिवस मौनात होते तेव्हा, मी प्रोटेस्टंट घरची, आईला कळलं असतं तर तिने कपाळ बडवलं असतं. तर संत इग्नेशियस लोयोला. १५२१ साली पांपलोनाच्या लढाईत तोफेचा गोळा पायावर लागला, घरी महिनोन्महिने पलंगावर. वाचायला मागितल्या होत्या शूरवीरांच्या कादंबऱ्या, घरात निघाली ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या गोष्टी. मग पडल्या पडल्या तो दोन प्रकारची स्वप्नं रंगवायचा, कधी एका मोठ्या घराण्यातल्या बाईसाठी काय काय पराक्रम करेन ते, कधी संतांसारखं अनवाणी यरुशलेमला जाईन ते. रंगवताना दोन्ही तितकीच गोड. पण नंतर त्याच्या लक्षात आलं की पहिलं संपलं की मन कोरडं आणि चिडचिडं होतं, दुसरं संपलं तरी आनंद मागे उरतो. बस, एवढंच. पुढे त्याने यातूनच आध्यात्मिक साधनेचं पुस्तक तयार केलं, पोपनी १५४८ ला त्याला मान्यता दिली आणि अजून जगभर त्यावर रिट्रीट चालतात.

म्हणजे त्या क्षणी काय वाटलं ते नाही, नंतर मागे काय उरलं ते बघायचं. फेणी आणि नीरा, दोन्ही पिताना बरीच लागतात, दुसऱ्या दिवशीचं डोकं सांगतं काय प्यालास. माझ्या त्या वॉर्डातल्या रात्री मी जर घाई न करता सकाळपर्यंत थांबले असते ना, तर मला जाणवलं असतं की आत शांती नाहीये, नुसती धडधड आहे आणि आपण कुणीतरी विशेष असल्याचा थोडा माज.

इग्नेशियसची एक उपमा माझ्या फार कामाला येते. जो माणूस देवाकडे चालायचा मनापासून प्रयत्न करतोय त्याच्या मनात चांगला आत्मा शिरतो तो स्पंजात पाण्याचा थेंब जिरावा तसा, आणि वाईट शिरतो तो दगडावर थेंब आपटावा तसा, आवाज करत. ज्याचं जगणंच उलट दिशेला चाललंय त्याचं मात्र उलटं, त्याला देवाचाच आवाज टोचतो. म्हणून शांती वाटली एवढ्यावरही जाऊ नये, बायकोला फसवणाऱ्यालाही मस्त झोप लागते. तुझं तसं नाही, तू मला लिहिलंस त्यावरूनच कळतं.

भीतीचं विचारलंस. भीती वाटते म्हणजे देव नाही असं नाही, मोशे घाबरला, यिर्मया म्हणाला मी लहान आहे. पण भीती वेगळी आणि तगमग वेगळी. भीतीत माणूस म्हणतो, अवघड आहे, पण जायला हवं. तगमगीत म्हणतो, आत्ताच्या आत्ता केलं नाही तर गेलं. घाई आणि लपवाछपवी, या दोन गोष्टी दिसल्या की मी कान टवकारते. इग्नेशियसनेही लपवाछपवीचं लिहून ठेवलंय, की शत्रू चोरट्या प्रियकरासारखा वागतो, त्याला सगळ्यात भीती कशाची तर त्या मुलीने घरी सांगण्याची. तू आईला का नाही सांगितलंस? बायकोला अर्धवटच का?

आता करायचं काय ते. आधी झोप. खरंच सांगते. एलीयाची ती मंद वाणीची गोष्ट सगळे सांगतात, वारा, भूकंप, अग्नी आणि मग हळू आवाज. त्याच्या आधीचं कुणी सांगत नाही, की तो झुडपाखाली मरायला टेकला होता आणि देवाने त्याला काही उपदेश केला नाही, झोपू दिलं, देवदूताने उठवून निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं. वाणी त्यानंतर चाळीस दिवसांनी. चार रात्री न झोपलेल्या माणसाने कुठलाच आवाज ओळखायला जाऊ नये, पेशंटचं बीपी धावत आल्या आल्या घेत नाहीत तसं.

मग एक साधी वही घे, शंभर पानी. रात्री दहा मिनिटं. चार दिवस असं समज की जायचं ठरलं, पूर्ण ठरलं, आणि तसंच वाग, मनात बॅग भर, पोरीला नऊ महिने बघणार नाहीस हे समज, डॉलर समज, घराचं प्लास्टर झालेलं समज. रात्री लिही मागे काय उरलं. पुढचे चार दिवस समज की नाही जायचं, इथेच. परत लिही. मोठं काही लिहायचं नाही. माझ्याकडे आलेल्या एका मुलीच्या वहीत एका दिवशी नुसतं एवढंच होतं, 'आज भांडी घासताना गाणं म्हणत होते.' त्या एका ओळीवर तिचं काय ते ठरलं. तिच्या चर्चमधल्या तीन भविष्यवाण्या एकीकडे आणि ती भांडी एकीकडे.

आणि वहीत लिहिताना मराठीतच लिही, प्रार्थनाही घरच्या मराठीत कर. आमच्याकडे पोरं इंग्रजीत प्रार्थना करतात, देवाला जास्त कळतं जणू. अरे, फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडचे, त्यांनी इथे साष्टीत राहून ख्रिस्तपुराण लिहिलं ते मराठी ओव्यांत, १६१६ ला राशोलला छापलं. मन ज्या भाषेत खोटं बोलू शकत नाही ती भाषा वापरावी.

अजूनही अडलं तर इग्नेशियसचे दोन उपाय आहेत, समज तुझ्याच परिस्थितीतला एक अनोळखी मुलगा सल्ला मागायला आला, त्याला काय सांगशील? आणि समज तू मरणाच्या बिछान्यावर आहेस, तेव्हा आज काय केलेलं बरं वाटेल? दुसरा मला जड जातो, मी फार बिछाने बघितलेत, पण लागू पडतो. मन एकदम कोरडं, उदास असेल त्या दिवशी मात्र आधीचा नीट घेतलेला निर्णय बदलायचा नाही, हा नियम पक्का धर.

आणि डोळे उघडे ठेवून चौकशी करणं हाही आवाज ऐकण्याचाच भाग आहे, लोक याला कमी विश्वास म्हणतात, मी नाही म्हणत. बोटीवर माणसं भरणाऱ्या एजंटकडे डीजी शिपिंगचं, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याचं, आरपीएसएल (खलाशी भरतीचं) लायसन्स लागतं, त्यांच्या साईटवर यादी आहे, नंबर घेऊन तपास. आणि २००६ चा सागरी कामगारांचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे त्यानुसार नोकरी लावून देण्याची फी खलाशाकडून घ्यायचीच नसते. मेडिकल, पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदणी पुस्तक) हा खर्च आपला, ट्रेनिंग कोर्सची फी वेगळी, ती इन्स्टिट्यूटला पावतीवर. मग हे दीड लाख कशाचे? हा प्रश्न प्रार्थनेत विचारू नकोस, एजंटला विचार.

एक गोष्ट तुझ्यासाठी नाही पण हे इतरही वाचतील म्हणून. कुणाला खरोखर कानात आवाज येत असतील, हुकूम करणारे, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा कर म्हणणारे, जेवू नको म्हणणारे, तर ती पारख करत बसायची गोष्ट नाही, डॉक्टर लागतो. बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मानसोपचार रुग्णालय आहे, फोनवर बोलायचं तर टेली मानसचा १४४१६ नंबर आहे. प्रार्थनाही करा, गोळीही घ्या, दोन्हीत भांडण नाही. उपास करून करून पेशंट वाया गेलेला मी बघितलाय.

आणि देवाची योजना नेहमी स्वप्नादृष्टांतातूनच येते असं तरी कुठे आहे. ज्या गोंयच्या सायबाच्या फेस्ताला ३ डिसेंबरला अख्खा गोवा जुन्या गोव्याला लोटतो, ते फ्रान्सिस झेवियर भारतात येणारच नव्हते. १५४० ला नाव ठरलं होतं बोबादियांचं, ते आजारी पडले, म्हणून ऐनवेळी इग्नेशियसनी झेवियरना पाठवलं. दुसऱ्याच्या आजारपणामुळे आले. पोचायला १५४२ चा मे उजाडला, लिस्बनहून निघाल्यावरच तेरा महिने. आणि आपले गोव्याचे संत जुझे वाझ, त्यांना श्रीलंकेला जायचं होतं, वरिष्ठांनी पाठवलं कानडा प्रांतात, म्हणजे कर्नाटकच्या किनाऱ्यावर. गेले, तिथे काम केलं, परत आले, थांबले, आणि १६८७ ला श्रीलंकेत पोचले ते भिकाऱ्याच्या वेषात. मनातली हाक खरी असेल तर तिला थांबवलं म्हणून ती मरत नाही, हे मी अनेकांत बघितलं. खोटी असेल तर पंधरा दिवसांत शिळी होते, दुसऱ्या दिवशीच्या पावासारखी कडक.

तर तू आज रात्री आईला सांग, सगळं, दीड लाखाचं पण. बायकोला उरलेलं अर्धं सांग, आणि त्या दोघी काय म्हणतात ते मधे न बोलता ऐक. मग उद्या एजंटला फोन कर, लायसन्स नंबर माग आणि म्हण मला पंधरा दिवस हवेत. तो काय म्हणतो ते मला कळव. वही भरली की ये फोंड्याला, रविवार सोडून कधीही, चारनंतर मी घरीच असते.